तान्ह्या डोळ्यांत औषधाचा थेंब

वाशिष्ठीच्या मुखाशी, दाभोळच्या समोरच्या काठावर अंजनवेल वसलेलं आहे. गोपाळगड, दीपगृह आणि शेजारचा वीजप्रकल्प यांमुळे बाहेरचे लोक हे गाव ओळखतात. इथल्या बाळंतिणीला मात्र वेगळा भूगोल पाठ असावा लागतो. साधं बाळंतपण असेल तर गुहागरचं ग्रामीण रुग्णालय. अवघड वाटलं तर चिपळूणजवळ कामथ्याचं उपजिल्हा रुग्णालय. आणि बाळ दिवस भरायच्या आधीच जन्मलं, वजन फारच कमी भरलं, तर रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयातला नवजात बालकांचा अतिदक्षता कक्ष. गुहागर ते चिपळूण सुमारे ४५ किलोमीटर, चिपळूण ते रत्नागिरी आणखी ९०. पावसाळ्यात हे अंतर किती वाढतं, ते त्या रस्त्याने पोटुशी बाई घेऊन गेलेल्यालाच कळेल.

या वाटेवर कुठे ना कुठे बाळाच्या डोळ्यांत औषधाचा थेंब पडण्याची शक्यता असते. कधी रुग्णालयात पडदा तपासण्यासाठी, कधी डोळ्यात पू दिसला म्हणून, आणि पुष्कळदा घरी आल्यावर. डोळा चिकटला, कुणीतरी मेडिकलमधून बाटली आणली, दोन्ही डोळ्यांत दोन-दोन थेंब सोडले. डोळ्याचं औषध डोळ्यातच राहतं, पोटात थोडंच जातं, अशी आपली ठाम समजूत असते. नवजात बाळाच्या बाबतीत ती चुकीची आहे, आणि थेंबांचे बहुतेक गंभीर दुष्परिणाम या समजुतीच्या आडोशानेच होतात.

आधी थेंबाचा हिशोब. बाजारातल्या बाटलीतून पडणारे साधारण पंचवीस थेंब मिळून एक मिलिलिटर होतो, म्हणजे एक थेंब ४० मायक्रोलिटरचा. मोठ्या माणसाच्या डोळ्यावर अश्रूंचा जो पातळ थर असतो, तो सात-आठ मायक्रोलिटरचाच. बाळाचा डोळा त्याहून लहान. म्हणजे थेंबाचा मोठा भाग डोळ्यात मावतच नाही. थोडा गालावर ओघळतो आणि उरलेला नाकाकडच्या कोपऱ्यातल्या अश्रुनलिकेतून नाकात उतरतो. नाकाच्या ओल्या अस्तरातून औषध थेट रक्तात जातं. तोंडाने घेतलेल्या गोळीला आधी यकृतातून जावं लागतं, तिथे तिचा जोर बराच कमी होतो. नाकातून रक्तात गेलेल्या औषधाला हा नाका लागत नाही.

आता रक्ताचं माप बघू. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असतं. तीन किलोच्या बाळाच्या अंगात पाव लिटर. अपुऱ्या दिवसांच्या, एक किलो वजनाच्या बाळाच्या अंगात तर ८० ते ९० मिलिलिटर, अर्धा कप चहाइतकं. बाटली मात्र दोघांची एकच, थेंबही तेवढाच. त्यात बाळाचं यकृत आणि मूत्रपिंडं औषध निकामी करून बाहेर टाकायला अजून तयार झालेली नसतात आणि मेंदूभोवतीचं संरक्षण कच्चं असतं. उदाहरणार्थ, बाहुली मोठी करणाऱ्या एक टक्का ॲट्रोपिनच्या एका थेंबात ०.४ मिलिग्रॅम औषध असतं. तीन किलोच्या बाळाला शिरेतून ॲट्रोपिन द्यायची वेळ आली, तर डॉक्टर साधारण ०.०६ मिलिग्रॅम देतात. डोळ्यातला एक थेंब त्याच्या सहापटीहून जास्त. तो सगळा रक्तात जात नाही हे खरं, पण सगळा जायची गरजही नाही.

ॲट्रोपिन म्हणजे धोतऱ्यातलंच द्रव्य. धोतरा बाधला की काय होतं, हे कोकणातल्या जुन्या माणसांना सांगावं लागत नाही: अंग तापतं, तोंड कोरडं पडतं, चेहरा लालबुंद होतो, छातीत धडधडतं, माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागतो. ॲट्रोपिनचे थेंब जास्त झालेल्या बाळाला यातलं सगळं होतं, फक्त ते बोलू शकत नाही. घरच्यांना दिसतो तो ताप. तापाचं औषध सुरू होतं आणि डोळ्यातले थेंबही चालूच राहतात.

इतकं सगळं वाचून डोळ्याच्या थेंबांची धास्ती घेऊ नये, म्हणून त्यांनी काय वाचवलं आहे तेही सांगितलं पाहिजे. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या प्रसूतिगृहांमध्ये जन्मणाऱ्या बाळांपैकी अनेकांचे डोळे पहिल्या आठवड्यात पुवाने भरत आणि कित्येक कायमचे आंधळे होत. आईच्या जननमार्गातल्या गोनोरियाच्या जंतूंची लागण जन्मताना होई. जर्मनीतल्या लाइपझिग शहरात कार्ल क्रेडे नावाच्या प्रसूतितज्ज्ञाने १८८० मध्ये प्रत्येक बाळाच्या डोळ्यांत काचेच्या कांडीने सिल्व्हर नायट्रेटच्या दोन टक्के द्रावणाचा एक-एक थेंब सोडायला सुरुवात केली. शंभरात दहाच्या आसपास असलेलं या आजाराचं प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आलं. वैद्यकाच्या इतिहासात एवढ्या स्वस्त उपायाने एवढे डोळे वाचल्याची उदाहरणं थोडीच सापडतील.

त्या थेंबाचा दुष्परिणामही पहिल्यापासून माहीत होता. चांदीचा हा क्षार डोळ्याला चुरचुरतो. थेंब घातल्यावर काही तासांत पुष्कळ बाळांच्या पापण्या सुजत, डोळे लाल होत, पाणी गळे. एक-दोन दिवसांत ते आपोआप ओसरे. आंधळेपणाच्या बदल्यात दोन दिवसांची लाली हा सौदा त्या काळी कुणीही मान्य केला असता. घोटाळा झाला तो बाटलीचा. द्रावण उघडं राहिलं, त्यातलं पाणी उडून गेलं, तीव्रता वाढली आणि बुबुळ भाजून त्यावर कायमचा डाग पडला, अशा घटना घडल्या. म्हणून पुढे द्रावण एक टक्क्यावर आणलं गेलं आणि एकदाच वापरायच्या छोट्या कुप्या आल्या. औषध तेच, पण ताकद आणि बाटली बदलली की परिणाम बदलतो, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

पुढे सिल्व्हर नायट्रेटची जागा प्रतिजैविकांच्या मलमांनी घेतली. १९९५ मध्ये केनियातल्या तीन हजारांहून जास्त बाळांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अडीच टक्के पोव्हिडोन आयोडीन हे स्वस्त द्रावण सिल्व्हर नायट्रेट आणि एरिथ्रोमायसिन या दोन्हींपेक्षा उपयोगी ठरलं, आणि डोळ्याला कमी बाधलं. अमेरिकेत मात्र एरिथ्रोमायसिनचं मलमच प्रचलित राहिलं. २००९ मध्ये तिथे त्याचा तुटवडा पडला, तेव्हा काही रुग्णालयांनी जेंटामायसिनचं मलम वापरलं. अनेक बाळांच्या पापण्या सुजल्या, भोवतीची कातडी सोलली, जखमा झाल्या. जेंटामायसिन हे काही परकं औषध नव्हे. बाळांना त्याची इंजेक्शनं जगभर देतात. पण नेहमीच्या मलमाऐवजी ‘त्यासारखंच दुसरं’ द्यायचं ठरलं, आणि त्याचे परिणाम त्या कोवळ्या पापण्यांनी भोगले. मेडिकलमध्ये ‘ते नाही, पण हे सेम आहे’ असं ऐकणाऱ्या प्रत्येक बापाने ही गोष्ट लक्षात ठेवावी.

प्रत्येक नवजाताच्या डोळ्यांत असं औषध घालावं का, या प्रश्नावर आज जगाचं एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटना सर्व नवजातांना जन्मतः प्रतिबंधक औषध घालावं असं म्हणते. कॅनडाच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये सरसकट औषध थांबवून गरोदरपणीच आईची तपासणी आणि उपचार करावेत असं सुचवलं. ब्रिटनने तर हा प्रघात कधीच सोडला. भारतात असा सक्तीचा कायदा नाही. जन्मल्यावर निर्जंतुक ओल्या कापसाने डोळे पुसतात, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा, नाकाकडून कानाकडे. पुढे पू दिसला तर उपचार. हा मार्ग योग्य आहे, पण एका अटीवर: गरोदरपणी आईची तपासणी खरोखर व्हायला हवी आणि घरी गेलेल्या बाळाचे डोळे कुणीतरी जाणत्या नजरेने पाहायला हवेत. दुसरं काम महाराष्ट्रात आशाताई करतात. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या जातात. २०११ मध्ये देशभर सुरू झालेल्या या घरभेटींचं मूळ गडचिरोलीत आहे, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या कामात. डोळे सुजलेत का, पू येतो का, हे पाहणं त्या भेटीचा भाग आहे.

जन्मल्यानंतर दोन ते पाच दिवसांत पापण्या टम्म सुजल्या आणि घट्ट पिवळा पू यायला लागला, तर तो गोनोरिया असू शकतो. तो एक-दोन दिवसांत बुबुळाला भोक पाडू शकतो. पाच ते चौदा दिवसांच्या दरम्यान आलेली लागण क्लॅमिडियाची असू शकते; त्याच जंतूने पुढे बाळाला न्यूमोनियाही होतो. या दोन्हींत नुसते थेंब पुरत नाहीत. पहिल्याला इंजेक्शन लागतं, दुसऱ्याला तोंडाने औषध, आणि आई-वडिलांवरही उपचार करावे लागतात. अशा वेळी घरी थेंब घालत बसण्याचा सगळ्यांत मोठा दुष्परिणाम म्हणजे वाया गेलेला वेळ. तोंडाने द्यायच्या एरिथ्रोमायसिनचाही स्वतःचा धोका आहे: पहिल्या दोन आठवड्यांत ते दिलं तर काही बाळांच्या जठराचं तोंड आकुंचन पावून जोरदार उलट्या सुरू होतात. तेव्हा हा उपचार डॉक्टरांच्या नजरेखालीच व्हायला हवा.

पण चिकटलेल्या डोळ्यांच्या बहुतेक बाळांना यातलं काहीच झालेलं नसतं. डोळा पांढरास्वच्छ, पापणी न सुजलेली, फक्त पाणी गळतंय आणि सकाळी चिपडं दिसतात, तर अश्रुनलिकेचं नाकाकडचं तोंड अजून उघडलेलं नसतं. शंभरातल्या सहा तरी बाळांना हे होतं, आणि त्यांतली नव्वद टक्के वर्षाच्या आत आपोआप बरी होतात. उपाय साधा. हात धुवायचे, नखं कापलेली हवीत, करंगळीच्या किंवा तर्जनीच्या टोकाने डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर हलका दाब देऊन खाली नाकाच्या बाजूने बोट सरकवायचं. दिवसातून काही वेळा. क्रिग्लर नावाच्या डॉक्टरांनी १९२३ मध्ये हे मालिश लिहून ठेवलं आणि शंभर वर्षांनंतरही त्यापेक्षा चांगलं काही निघालेलं नाही. त्याऐवजी बाळाला महिनोन्‌महिने प्रतिजैविकांचे थेंब घातले जातात. थेंब घातल्यावर चिपडं कमी होतात, बंद केले की पुन्हा येतात, मग ‘औषध बदला’ म्हणून दुसरी बाटली. नळी मात्र बंदच.

हे थेंब तसे निरुपद्रवी म्हणून ओळखले जातात. टोब्रामायसिनसारख्या औषधाने फार तर डोळा लाल होतो, चुरचुरतो, क्वचित पापणीला पुरळ येतं. क्लोरॅम्फेनिकॉलबद्दल भीती जास्त आहे, आणि तिला कारणही आहे. १९५९ मध्ये हेच औषध इंजेक्शनाने किंवा तोंडाने भरपूर दिलेली नवजात बाळं राखाडी पडून दगावल्याच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. कच्च्या यकृताला ते निकामी करता येत नव्हतं. डोळ्याच्या थेंबांनी असं होत असल्याचं दिसलेलं नाही. २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये या थेंबांवर दुसऱ्याच कारणाने शंका आली. त्यांतल्या बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडमुळे दोन वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत अशी सूचना बाटल्यांवर छापली गेली. डॉक्टर गोंधळले, बाळांना औषध मिळेना. तिथल्या औषध नियंत्रकांनी हिशोब तपासला आणि त्याच वर्षी जाहीर केलं की, गरज असेल तिथे हे थेंब लहान बाळांनाही देता येतील. होणारा फायदा धोक्यापेक्षा मोठा आहे. असा हिशोब उघडपणे मांडला गेला की भीती आपोआप आपल्या मापात येते.

खरी चिंता दुसऱ्या दोन प्रकारच्या बाटल्यांची वाटते. एक, प्रतिजैविकात स्टेरॉइड मिसळलेले थेंब. त्यांनी लाली एका दिवसात जाते म्हणून ते लोकप्रिय आहेत. पण स्टेरॉइडने बाळाच्या डोळ्यातला दाब वाढू शकतो, जास्त दिवस वापरलं तर काचबिंदू आणि मोतीबिंदू होऊ शकतो, आणि नागिणीच्या जातीतल्या विषाणूची लागण असेल तर ती भडकते. दुसरे, ‘डोळ्यांची लाली घालवणारे’ थेंब, म्हणजे नॅफॅझोलिन आणि त्याची भावंडं. ती रक्तवाहिन्या आकसवतात म्हणून डोळा पांढरा दिसतो. रक्तात गेल्यावर मात्र लहान मुलाला गुंगी येते, अंग गार पडतं, नाडी मंदावते, श्वास अडखळतो. २०१२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला, त्यात एक महिना ते पाच वर्षं वयाच्या मुलांनी अशा बाटल्यांतलं औषध चुकून गिळल्याच्या ९६ घटना नोंदलेल्या होत्या. एक-दोन मिलिलिटर पुरेसं होतं. या दोन्ही बाटल्या तान्ह्या बाळाच्या घरात डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय येता कामा नयेत.

आता रत्नागिरीच्या त्या अतिदक्षता कक्षाकडे. इथे थेंबांचा प्रश्न सगळ्यांत नाजूक होतो, कारण इथे बाळ सगळ्यांत लहान असतं आणि थेंब टाळूनही चालत नाही.

सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांचं जाळं पूर्ण पसरलेलं नसतं. आईच्या पोटात ते काम चाळिसाव्या आठवड्याच्या सुमारास संपतं. बाहेर आल्यावर, विशेषतः जास्त प्राणवायू मिळाला तर, या वाहिन्या वेड्यावाकड्या वाढू लागतात आणि पडदा ओढून सुटू शकतो. याला रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी म्हणतात. दवाखान्यात सगळे ‘आरओपी’ म्हणतात. वेळेवर लेझर किंवा इंजेक्शन मिळालं तर बहुतेक डोळे वाचतात, आणि ही वेळ काही आठवड्यांचीच असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्यात तपासायच्या आजारांत आरओपी आहे. देशातला दंडक असा, की जन्मवजन दोन किलो किंवा त्याहून कमी, अथवा गर्भकाळ ३४ आठवडे किंवा त्याहून कमी असेल, तर तीस दिवसांच्या आत पडदा तपासायचा; अगदीच लहान बाळांचा दोन-तीन आठवड्यांतच. पुण्यात ‘पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन’चं एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय आणि तिथल्या डॉ. सुचेता कुलकर्णी यांच्यासारखे डॉक्टर या तपासणीसाठी वर्षानुवर्षं झटत आले आहेत.

पडदा पाहायचा तर आधी बाहुली मोठी करावी लागते, आणि त्यासाठी थेंब. नेहमीची जोडी ट्रोपिकामाइड आणि फिनिलेफ्रिन. काही ठिकाणी सायक्लोपेंटोलेट. बाळांसाठी अडीच टक्क्यांपेक्षा तीव्र फिनिलेफ्रिन नको, असा संकेत आहे. आपल्याकडे सहज मिळणारी बाटली मोठ्यांसाठीची असते: ट्रोपिकामाइड ०.८ टक्के, फिनिलेफ्रिन पाच टक्के. म्हणून ती अश्रूंसारख्या वंगण द्रावणात निम्मीनिम मिसळून पातळ करतात. हे काम साधं आहे, पण ते कुणीतरी, कुठल्यातरी घाईच्या सकाळी, आठवणीने करावं लागतं.

न केलं तर काय, याचं गणित मांडता येतं. पाच टक्क्यांच्या एका थेंबात दोन मिलिग्रॅम फिनिलेफ्रिन. दोन डोळे, दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने तीन वेळा, म्हणजे सहा थेंबांत बारा मिलिग्रॅम. पाठीत भूल दिल्यावर मोठ्या माणसाचा रक्तदाब उतरला, तर भूलतज्ज्ञ हेच औषध शिरेतून एका वेळी ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास देतात. डोळ्यातून शोषलं जाणारं प्रमाण कितीही कमी धरलं, तरी एक किलोच्या बाळासाठी हा आकडा छातीत धस्स करणारा आहे. योग्य ताकदीच्या थेंबांनीही काही बाळांचा रक्तदाब चढतो, पापण्यांभोवतीची कातडी पांढरी फटक पडते. सायक्लोपेंटोलेटने पोट सुस्तावतं: जठरातला रस कमी होतो, दूध पचत नाही, पोट फुगतं. १९८५ मध्येच अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर हे दाखवलं गेलं. आतड्याला सूज येऊन ते सडण्याचा गंभीर आजारही तपासणीनंतर झाल्याच्या काही नोंदी आहेत. थेंबांमुळेच तो झाला असं सिद्ध झालेलं नाही, कारण अशा बाळांना तो एरवीही होतो. तसंच पापण्या उघड्या ठेवायची चिमटी लावली की डोळ्यावरच्या दाबाने नाडी मंदावते. त्याचं खापर थेंबांवर फोडता येत नाही.

यात सर्वांत जपण्यासारखी एक गोष्ट आहे. आपल्या बाळांची बुबुळं काळीभोर असतात, आणि गडद रंगात औषध अडकून राहतं, म्हणून बाहुली सावकाश फुलते. थांबलेल्या डॉक्टरांना वाटतं, आणखी एक थेंब टाकावा. मग आणखी एक. पण बाहुली पुरेशा थेंबांनंतरही फुलत नसेल, तर ते कधीकधी आजार पुढच्या टप्प्यावर गेल्याचंच लक्षण असतं. म्हणजे तिथे जास्त थेंबांची गरज नसते, अनुभवी डोळ्यांनी लगेच पाहण्याची गरज असते. न्यूझीलंडमध्ये नेहमीच्या थेंबाच्या काही अंशाएवढे सूक्ष्म थेंब वापरून बाहुली पुरेशी फुलते, असं चाचण्यांत दिसलं आहे. आपल्याकडे एकदाच वापरायची, बाळांच्या ताकदीची छोटी कुपी प्रत्येक नवजात कक्षात असणं ही काही चैन म्हणता येणार नाही. जे मिश्रण परिचारिकेच्या आठवणीवर सोडलं आहे, ते कारखान्यातच तयार होऊन यावं.

तोवर चांगल्या कक्षांत काही गोष्टी कसोशीने पाळल्या जातात. थेंब टाकताच ओघळलेलं औषध लगेच टिपून घेतात, कारण कोवळ्या कातडीतूनही ते शिरतं. अश्रुनलिकेच्या कोपऱ्यावर क्षणभर बोट दाबून धरतात. तपासणीच्या तासभर आधी दूध पाजून झालेलं असतं, म्हणजे उलटी होऊन श्वासात जाणार नाही. नाडी आणि प्राणवायू दाखवणारं यंत्र लावलेलं असतं, आणि पुढचे काही तास दूध पचतंय का, पोट फुगतंय का, श्वास मध्येच थांबतोय का, हे पाहतात. बाळ घरून तपासणीसाठी आणलं असेल, तर हे पाहायचं काम परतीच्या गाडीत आईवर येतं. अंजनवेलसारख्या गावाचा परतीचा प्रवास काही तासांचा असतो. तिला कुणी तसं सांगितलं तरच ती पाहील. दुष्परिणामांच्या भीतीने तपासणी चुकवणं मात्र सगळ्यांत महागात पडतं: थेंबांचा त्रास बहुधा दिवसभरात निवळतो, सुटलेला पडदा परत बसवणं फार अवघड.

जन्मजात काचबिंदू किंवा मोतीबिंदू असलेली बाळं संख्येने थोडी, पण त्यांचे थेंब रोजचे आणि जास्त जोखमीचे. काचबिंदूवरचा खरा इलाज शस्त्रक्रिया. तोवर दाब आटोक्यात ठेवायला थेंब. टिमोलॉलने नाडी मंदावते, श्वासनलिका आकसते, झोपेत श्वास थांबू शकतो. डोर्झोलामाइडने एका नवजाताच्या रक्तातली आम्लता वाढल्याची नोंद आहे. ब्रिमोनिडिन तर दोन वर्षांखालच्या मुलांना निषिद्धच. ते मेंदूत शिरतं, बाळ लुळं पडतं, गार होतं, उठवलं तरी उठत नाही. आजोबांच्या काचबिंदूच्या बाटलीत हीच औषधं असतात, कधी दोन एकत्र. ती बाटली आणि बाळाची बाटली एका फडताळात नको.

बाटल्यांच्या गोंधळाची महाराष्ट्राला एक कडू आठवण आहे. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात बारा मुलांना पोलिओच्या डोसाऐवजी हात धुवायचं सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं बचावली. तिथे प्रशिक्षित माणसं होती, तरी ते झालं. बाळाच्या घरात तर ड जीवनसत्त्वाचे थेंब, पोटदुखीचे, नाकाचे, कानाचे, डोळ्याचे, अशा पाच सारख्याच दिसणाऱ्या बाटल्या असतात आणि रात्री दोन वाजता दिवा न लावता हात जातो. बाटलीवर ठळक अक्षरांत ‘डोळा’ लिहून ठेवणं आणि उघडल्याची तारीख टाकून महिन्यानंतर ती फेकून देणं, एवढं तर कुठल्याही घरात जमतं. उघड्या बाटलीत जंतू वाढतात. २०२२-२३ मध्ये अमेरिकेत चेन्नईहून गेलेल्या कृत्रिम अश्रूंच्या दूषित बाटल्यांनी ८१ जणांना लागण झाली आणि चौघं दगावले. ती मोठी माणसं होती.

काजळ आणि सुरमा ही किनाऱ्यावरच्या घरांतली जुनी, मायेने घातली जाणारी औषधंच. एरंडेलाच्या दिव्यावर धरलेली काजळी तुपात कालवून डोळ्यात घातली की डोळे मोठे होतात, दृष्ट लागत नाही, असं मानतात. डोळे त्याने मोठे होत नाहीत. बोटावरचे जंतू आत जातात, अश्रुनलिका तुंबते. सुरम्यात तर अनेकदा शिसं असतं, आणि शिसं वाढत्या मेंदूला बाधतं. तीट कपाळावर किंवा तळपायाला लावली तर कुणाची हरकत नाही.

थेंब घातल्यावर बाळ दूध ओढेनासं झालं, हिरवी उलटी झाली, पोट टणक फुगलं, श्वास मध्येच थांबला, अंग लुळं किंवा गार पडलं, किंवा कारण नसताना अंग तापलं आणि लाल झालं, तर पुढचा थेंब घालायचा नाही आणि १०८ ची गाडी बोलवायची. सोबत बाटली न्यायचीच, रिकामी असली तरी. तिच्यावरचं नाव, टक्केवारी आणि बॅच क्रमांक पाहिला की डॉक्टरांना उपचारांची दिशा ठरवायला मदत होते.

त्या क्रमांकाचा आणखी एक उपयोग आहे. देशात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. त्याचं केंद्र गाझियाबादला आहे आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात तर हे काम त्याच्याही आधीपासून होत आलं आहे. या कार्यक्रमाकडे फक्त डॉक्टरच नव्हे, परिचारिका आणि घरची माणसंही तक्रार नोंदवू शकतात. त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा विनाशुल्क दूरध्वनी आहे. तान्ह्या बाळांवर डोळ्याच्या औषधांच्या चाचण्या फारशा होत नाहीत, त्यामुळे जे कळतं ते बहुतांशी अशा एकेका नोंदीतूनच. ब्रिमोनिडिनवरची बंदी, जेंटामायसिनच्या मलमाचा इशारा, फिनिलेफ्रिनची उतरवलेली टक्केवारी, यांमागे कुठल्यातरी एका बाळाच्या पापणीवर, श्वासावर लक्ष ठेवणारं आणि ते लिहून पाठवणारं माणूस होतं. गुहागर तालुक्यातून अशी नोंद पाठवायची, तर लागतं एवढंच: बाळाचं वय आणि वजन, औषधाचं नाव, किती थेंब, कोणत्या वेळी, आणि नंतर काय दिसलं.